डॉक्टर व्हायचे तर तयारी आठवीपासून

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



दहावीचा निकाल लागला की पालक विचारतात, "मुलाला डॉक्टर करायचे आहे, आता काय करावे?" माझे नम्र सांगणे असे की, हा प्रश्न मूल आठवीत असतानाच विचारला पाहिजे. ज्यांची मुले-मुली उर्दू माध्यमात शिकतात, त्यांनी तर अवश्य.

मराठवाडा हैदराबाद संस्थानात असताना तेथील उस्मानिया विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण उर्दूतून दिले जाई. तो काळ गेला. १९५६ साली आपल्या शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्याचे रुग्णालय म्हणजेच आपली घाटी. तेथील शिक्षण इंग्रजीतून आहे, आणि अकरावी-बारावीचे विज्ञानही बहुतेक ठिकाणी इंग्रजीतूनच शिकवले जाते. त्यामुळे दहावीत उत्तम गुण मिळवलेली मुलगी अकरावीच्या वर्गात एकाएकी गप्प होते. 'झियाई तालीफ' तिला पाठ असते, पण 'फोटोसिंथेसिस' म्हणजे तेच, हे तिला कोणी सांगितलेले नसते. बुद्धी कमी पडत नाही, शब्द कमी पडतात. आणि घरचे म्हणतात, विज्ञान हिला झेपत नाही!

यावर उपाय बिनखर्चाचा आहे. आठवीपासून एक वही करावी. एका बाजूला उर्दू किंवा मराठी संज्ञा, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. रोज पाच शब्द लिहिले तर शाळेच्या दोनशे दिवसांत हजार शब्द होतात. मातृभाषा सोडण्याचे कारण नाही. समज मातृभाषेतून पक्की होते, तिला इंग्रजीची जोड द्यायची एवढेच.

आता परीक्षेविषयी. एम.बी.बी.एस.चा प्रवेश 'नीट' या परीक्षेच्या गुणांवर होतो. २०२५ च्या परीक्षेत १८० प्रश्न व ७२० गुण होते: भौतिकशास्त्र ४५, रसायनशास्त्र ४५ आणि जीवशास्त्र ९० प्रश्न. बरोबर उत्तराला चार गुण, चुकले तर एक वजा. वीस प्रश्नांची उत्तरे डोळे मिटून दिली आणि पाच बरोबर आली, तर वीस गुण मिळून पंधरा जातात. हाती उरतात पाच! तेव्हा अंदाजावर विसंबू नये. एन.सी.ई.आर.टी.ची अकरावी-बारावीची पुस्तके ओळ न् ओळ वाचावीत, जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवाव्यात, आणि चुकलेला प्रश्न का चुकला ते लिहून ठेवावे.

ही परीक्षा मराठीतून २०१७ पासून व उर्दूतून २०१८ पासून देता येते. मात्र भाषांतरात शंका आली तर इंग्रजी प्रश्नच ग्राह्य धरतात. तेथेही ती वही कामास येते.

पूर्वी राज्यात ७०:३० असा प्रादेशिक कोटा होता. तो २०२० साली रद्द झाला. आता मराठवाड्याची मुले पुण्या-मुंबईच्या मुलांबरोबर एकाच गुणवत्ता यादीत असतात. म्हणून शेवटच्या वर्षी धावपळ करून भागत नाही.

पालकांनो, तुमच्याकडेही काम आहे. अधिवास प्रमाणपत्र, आणि समाज इतर मागासवर्गात मोडत असेल तर जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर व जात पडताळणी, ही कागदपत्रे वेळेवर काढून ठेवा. गुण मिळूनही कागदासाठी जागा जाणे फार वाईट. प्रवेश मिळवून देतो म्हणणाऱ्या दलालाला पैसा देऊ नका. प्रवेश गुणवत्ता यादीतूनच होतो. आणि घरात दोन तास शांतता द्या. मुलाला अभ्यासाची वेळ मिळते, मुलीला स्वयंपाक आवरल्यावर, हा भेद सोडा.

विद्यार्थी मित्रांनो, एम.बी.बी.एस. मिळाले नाही तर आयुष्य संपत नाही. दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानी यांचे प्रवेशही 'नीट'वरच होतात. परिचर्या आणि औषधनिर्माणशास्त्राचे मार्गही आहेत. रुग्णाची सेवा या सर्वांतून घडते.

आज घरी जाऊन एक कोरी वही काढा आणि पहिले पाच शब्द लिहा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.