स्वस्त पॅड, महाग पॅड आणि योग्य पॅड

मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवणारा मास्तर. मोटारीच्या ब्रेकविषयी हा काय बोलणार, असे आपल्यापैकी कुणाच्या मनात आले तर नवल नाही. परंतु हा विषय मला एका घाटाने शिकवला, आणि ती शिकवणी फार महागात पडली असती. म्हणून चार गोष्टी सांगतो.

मी राहतो बुटीबोरीला. नागपूरहून दक्षिणेकडे येणारा रस्ता आमच्या गावाशी फुटतो. एक फाटा हिंगणघाटावरून हैदराबादकडे जातो, दुसरा वर्धा-यवतमाळमार्गे तुळजापूरला. मुलूख बहुतेक सपाट. ब्रेकची खरी परीक्षा अशी इथे क्वचितच होते. काही वर्षांपूर्वी माझ्या मोटारीचे पुढचे पॅड झिजले. मिस्त्रीने दोन डबे समोर ठेवले. एकाची किंमत दुसऱ्याच्या निम्मी. मी हिशेबी माणूस. स्वस्तातला डबा उचलला. रोजच्या जाण्यायेण्यात त्या पॅडांनी काही तक्रार केली नाही.

पुढे सुट्टीत आम्ही चिखलदऱ्याला गेलो. हे ठिकाण सुमारे 1,100 मीटर उंचीवर. परतताना गाडीत आई, पत्नी, मुलगी आणि भरपूर सामान. पेट्रोल वाचेल म्हणून मी गाडी न्यूट्रल केली आणि ब्रेकवर पाय ठेवून परतवाड्याकडे उतरू लागलो. थोड्या वेळाने आई म्हणाली, "बापू, हा कायचा वास येऊन राहिला रे?" पुढच्याच वळणावर मी ब्रेक दाबला. पायाखाली तो घट्ट लागला, पण गाडीचा वेग काही कमी होईना! कसाबसा गियर टाकला, हँडब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या कडेला लावली. त्यानंतर पाव तास गाडीत कुणी बोलले नाही.

असे का झाले? मोटारीच्या चाकाबरोबर एक लोखंडी थाळी फिरते. ब्रेक दाबला की दोन पॅड तिला चिमट्यासारखे आवळतात. घर्षण होते आणि गाडीच्या वेगातली शक्ती उष्णतेत बदलते. शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी हे गणित वर्गात जरूर घालावे: 1,200 किलो वजनाची गाडी ताशी 120 किलोमीटर वेगाने जात असता थांबवली, तर सुमारे 6 लाख 67 हजार जूल उष्णता निर्माण होते. तेवढ्यात दोन लिटर पाणी उकळेल! वेग निम्मा, म्हणजे 60 केला, तर उष्णता निम्मी नव्हे, पाव होते. घाटात तर ही चूल सतत पेटलेली. पॅडमधले तंतू आणि भुकट्या रेझिन नावाच्या चिकट द्रव्याने बांधलेल्या असतात. ते द्रव्य फार तापले की बिघडू लागते, त्यातून वायू सुटतो, आणि पॅडची पकड सैल पडते.

म्हणून पॅड कशाचा केला आहे, याला महत्त्व आहे. 1888 साली बर्था बेंझ या बाईंनी जर्मनीत मोटारीचा पहिला लांबचा प्रवास केला, तेव्हा वाटेत त्यांनी ब्रेकच्या ठोकळ्यांना मोच्याकडून चामडे ठोकून घेतले. पुढे विसाव्या शतकात ॲस्बेस्टॉस आले. ते उष्णतेला दाद देत नाही. पण त्याची धूळ फुप्फुसात गेली तर अनेक वर्षांनी कर्करोग उद्भवू शकतो. तेव्हा डब्यावर 'ॲस्बेस्टॉस-विरहित' असे लिहिले आहे ना, ते पाहावे. मिस्त्रीमंडळींनीही ब्रेकवरची धूळ तोंडाने किंवा हवेच्या नळीने फुंकू नये. ओल्या फडक्याने पुसावी.

आज बाजारात मुख्यतः तीन जाती आहेत. पहिली ऑरगॅनिक: काचेचे, कार्बनचे किंवा तत्सम तंतू, रबर आणि रेझिन. हा पॅड मऊ, शांत आणि स्वस्त. थाळी कमी खातो, पण स्वतः लवकर झिजतो आणि फार तापला की हात टेकतो. दुसरी सेमी-मेटॅलिक: यात पोलाद, लोखंड, तांबे अशा धातूंचा मोठा भाग असतो. हा ताप सोसतो, ओझ्याला आणि घाटाला चांगला. मात्र आवाज करतो, काळी धूळ सोडतो, थाळी अधिक घासतो आणि अगदी थंड असताना पकड थोडी कमी. तिसरी सिरॅमिक: शांत, टिकाऊ, चाकावर धूळ कमी, पण किंमत सर्वांत जास्त. तो प्रत्येक कामाला सर्वांत उत्तम, असे मात्र नाही.

मग निवडावा कोणता? गावातल्या गावात आणि सपाट रस्त्यावर हलकी गाडी चालवणाऱ्याला चांगल्या प्रतीचा ऑरगॅनिक पुरतो. पाच-सहा माणसे, संत्र्यांच्या पेट्या, नेहमीचा घाट किंवा समृद्धी महामार्गावरचा वेग असेल, तर ताप सोसणारा पॅड हवा. आणि काहीच ठरवता आले नाही, तर कंपनीने नव्या गाडीत ज्या जातीचा पॅड बसवला होता, त्याच जातीचा आणि प्रतीचा घ्यावा. गाडीचे वजन पाहूनच तो ठरवलेला असतो.

आणखी थोडे. एका बाजूचा पॅड कधी बदलू नये. पुढच्या दोन्ही चाकांचे पॅड एकदमच बदलावेत. घासणारा थर 3 मिलिमीटरवर आला की नवे घालावेत. ब्रेक लावताना चिरका आवाज आला तर रेडिओचा आवाज वाढवू नका. पुष्कळ पॅडांवर बसवलेली धातूची पट्टी त्या आवाजाने 'आता पुरे' असे सांगत असते. नवे पॅड घातल्यावर पहिले दोन-तीनशे किलोमीटर शक्यतो करकचून ब्रेक लावू नये. आणि उतारावर गाडी कधीही न्यूट्रल करू नका. दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्ये उतरले की इंजिनच गाडी धरून ठेवते.

अर्थशास्त्रात आम्ही किंमत आणि खर्च यांत फरक करतो. किंमत दुकानात दिली जाते. खर्च पुढे रस्त्यावर कळतो. मी हा फरक पंधरा वर्षे मुलांना शिकवत होतो. मला तो चिखलदऱ्याच्या वळणावर समजला. त्या दिवशी जे चारपाचशे रुपये मी वाचवले होते, ते आईच्या शेजारी बसून मोजायची मला आजही लाज वाटते. आपण पॅड घ्याल तेव्हा दुकानदाराला भाव नंतर विचारा. आधी त्याला आपला रस्ता सांगा आणि गाडीत कोण-कोण बसते, ते सांगा.