राग निर्णयावर, की बाईवर?

मिरचीचे देठ काढता काढता ऐकत असाल तर हात चालू द्या, कान इकडे असू द्या. आज बोलायचंय क्रिकेटवर. तो पोरांचा विषय, असं म्हणू नका. गोष्ट आपल्याही कामाची आहे.

आयपीएलमधला मुंबई इंडियन्स हा संघ रिलायन्सच्या एका कंपनीचा. मालकीण म्हणून लोकांना दिसतात त्या नीता अंबानी. रोहित शर्मा कर्णधार असताना या संघाने पाच वेळा आयपीएल जिंकली: २०१३, २०१५, २०१७, २०१९ आणि २०२०. तरी डिसेंबर २०२३ मध्ये संघाने रोहितला बाजूला करून हार्दिक पांड्याला कर्णधार केलं. चाहते भडकले. ज्याने पाच वेळा जिंकून दिलं, त्याच्यासाठी जीव तुटणारच.

पण राग निघाला कुणावर? हार्दिकवर. २०२४ च्या हंगामात तो नाणेफेकीला आला की प्रेक्षक हुर्यो उडवायचे. १ एप्रिलला तर घरच्या वानखेडे मैदानावरच हे झालं. संघ १४ पैकी ४ सामने जिंकून दहा संघांत शेवटचा आला. पुढे २९ जूनला भारताने टी-२० विश्वचषक जिंकला, तेव्हा शेवटचं षटक हार्दिकने टाकलं. ४ जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा जयघोष झाला. माणूस तोच, मैदान तेच!

आता मालकिणीकडे या. कर्णधार का बदलला, चाहत्यांना नीट का सांगितलं नाही, हे मालकांना विचारायलाच हवं. श्रीमंत आहेत म्हणून गय नको, आणि बाई आहे म्हणूनही नको. पण थट्टा कशाची होते? साडीची, दागिन्यांची, सामना अडला की जोडलेल्या हातांची. कर्णधार बदलण्याशी साडीचा काय संबंध? पुरुष मालकाच्या सदऱ्याची किंमत कुणी विचारतं का? आणि हिशेब मांडायचा तर पुरता मांडा. याच मालकांच्या महिला संघाने हरमनप्रीत कौरच्या नेतृत्वाखाली २०२३ आणि २०२५ मध्ये महिला प्रीमियर लीग जिंकली. तेही जमेच्या बाजूला धरा.

आपल्याकडे ग्रामपंचायतीत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. गावोगावी बाई सरपंच आहे, बचत गटाची अध्यक्ष आहे. नळाला पाणी का नाही, हे सरपंचबाईंना जरूर विचारा. पण ‘फार मिरवते’, ‘हिच्या घरी चूल कोण पेटवतं’ असं बोलून पाणी येत नाही. उलट पुढच्या वेळी उभी राहायला दुसरी बाई घाबरते.

गटातही तसंच. कर्ज कुणाला द्यायचं हे सगळ्यांनी बैठकीत सह्या करून ठरवलं असेल, तर हप्ता थकल्यावर एकट्या अध्यक्षबाईला धारेवर धरू नका. आधी ठरावाची वही उघडा. निर्णय कुणाचा होता ते वाचा, आणि ज्यांनी घेतला त्या सगळ्यांना विचारा. अध्यक्षबाईंनी परस्पर केलं असेल तर त्यांनाही स्पष्ट विचारा, पण भर बैठकीत, तोंडावर आणि फक्त त्या कामाबद्दल.

येत्या बैठकीत हे एकदा करून पाहा, माय. राम राम.