सामना तासाभराचा, प्रवास दिवसभराचा
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)

आपली काही मुलं-मुली फुटबॉल खेळतात, हे जिन्यातल्या चिखलाच्या बुटांवरून तुम्हाला ठाऊक आहेच! पण मोठी स्पर्धा म्हटली की मुंबई गाठायची. बोईसरहून चर्चगेट १०० किलोमीटरच्या वर. २०१३ मध्ये डहाणू लोकल सुरू झाली, सोय झाली खरी. तरी विरारच्या पुढे दोनच मार्ग, त्यावरूनच गुजरातच्या एक्सप्रेस नि मालगाड्या. लोकल मोजक्या. एक चुकली की सामना हुकला.

सकाळी आठचा सामना असेल तर पहाटेच घर सोडायचं. सोबत आई किंवा बाबा, म्हणजे एमआयडीसीतली एक पाळी बुडाली, पगार कापला. मुलगी असेल तर रात्रीच्या परतीचा घोर वेगळाच. आपल्याच इमारतीतल्या दोघींचा खेळ दहावीच्या आधी सुटला. दोघीही उत्तम खेळत होत्या.

माझी सूचना साधी आहे. दर सामन्याला एकाच पालकाने सगळ्या मुलांना न्यावं, पाळीपाळीने. त्याचं तिकीट सांस्कृतिक निधीतून द्यावं. शिवाय काही सामने पालघर-बोईसरला व्हावेत, असं पत्र सोसायटीने आयोजकांना पाठवावं. इच्छुकांनी सेक्रेटरींकडे नावं द्यावीत. पहिली पाळी माझी.