वर्गाबाहेरची चाळीस मिनिटं

मुलाला चष्मा लागला की घरात पहिला आळ येतो तो मोबाइलवर. तो अगदीच खोटा नाही. पण उणीव बऱ्याचदा उजेडाचीही असते. चीनमधल्या ग्वांगझू शहरात 12 शाळांतल्या पहिलीच्या मुलांवर एक प्रयोग झाला. निम्म्या शाळांनी रोज 40 मिनिटांचा एक जादा तास मैदानात घेतला. तीन वर्षांनंतरचे आकडे 2015 साली प्रसिद्ध झाले : नेहमीच्या शाळांत 39.5 टक्के मुलांना लघुदृष्टी आली, मैदानावरच्या शाळांत 30.4 टक्के. फरक डोळे दिपवणारा नाही, पण डोळ्यांत औषधाचा थेंबही न घालता मिळालेला आहे. लख्ख उजेडात डोळ्याच्या पडद्यात डोपामिन हे रसायन पाझरतं आणि डोळा लांबट होण्याला, म्हणजेच लघुदृष्टीला, आळा बसतो, असं संशोधक मानतात.

कोणी म्हणेल, आईबापांनाच जाड भिंगं, तिथे मैदान काय करणार? आनुवंशिकता आहेच; पण ती दोन पिढ्यांत बदलत नाही, आणि लघुदृष्टी तर तेवढ्यातच कितीतरी वाढली. वैशाखातल्या उन्हाचं काय, हा आक्षेप मात्र रास्त. त्यासाठी भर दुपारी पोर उन्हात उभं करायला नको. ट्यूबलाइटखाली जेमतेम तीनचारशे लक्स उजेड असतो, कडुनिंबाच्या सावलीतसुद्धा काही हजार. एक खरं, लागलेला नंबर मैदानानं उतरत नाही. मग चष्मा घालायलाच हवा. तो घातल्यानं नंबर वाढतो, ही शेजारच्या काकूंची समजूत आहे, डॉक्टरांची नव्हे.