ज्वर उतरल्यानंतरची धडधड

ताप उतरला आणि तपासणीचा अहवाल निर्दोष आला, कीं घरांतील मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. रुग्णानें आतां कामाला लागावें अशी त्यांची अपेक्षा असते. परंतु कांहीं घरांत निराळेंच घडतें. अंथरुणावरून उठून न्हाणीघरापर्यंत गेलें तरी छाती धडधडूं लागते, डोळ्यांपुढें अंधारी येते, जिना चढतांना भिंत धरावी लागते.

2021 च्या फेब्रुवारींत अमरावती-यवतमाळकडे कोविडचे रुग्ण एकाएकीं वाढले. त्या दिवसांत खाट आणि प्राणवायु यांचीच चिंता होती. बऱ्या झालेल्या माणसाच्या धडधडीची विचारपूस करण्यास सवड कोणास असणार? लाट ओसरली, पण ही तक्रार कित्येकांच्या छातींत राहून गेली.

हा सारा मनाचा खेळ आहे, असें म्हणणारे शहाणे प्रत्येक घरांत असतात. त्यांना एक जुनी हकीकत सांगतों. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या वेळीं डॉक्टर द कोस्टा यांच्याकडे धाप व धडधड यांनीं बेजार झालेले सैनिक येत. त्यांतील पुष्कळांना आधीं ताप किंवा अतिसार झालेला होता. 1871 मध्यें त्यांनीं या विकारास 'चिडखोर हृदय' असें नांव दिलें. तेव्हां ज्वरामागून येणारी ही पीडा कांहीं आजची नव्हे.

कोविडचा विषाणु रक्तवाहिन्यांच्या आंतील नाजूक अस्तरास दाह करतो. रक्त गोठण्याची प्रवृत्ति वाढते. क्वचित् हृदयाचा स्नायूही सुजतो. शिवाय नाडी आणि रक्तदाब यांचें नियमन करणारी मज्जासंस्था बिघडूं शकते. मग उभें राहतांच रक्त पायांकडे उतरतें आणि हृदय धांवूं लागतें. अमेरिकेंतील दीड लाखांहून अधिक माजी सैनिकांची पाहणी 2022 मध्यें प्रसिद्ध झाली. रुग्णालयांत न गेलेल्यांतही वर्षभर हृदयविकाराचा व रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढलेला दिसला. मात्र ते बहुतेक गोरे, वयस्क पुरुष होते; त्यांचे आंकडे यवतमाळच्या तरुण गृहिणीस जसेच्या तसे लावूं नयेत.

एक परीक्षा घरींही करतां येते. दहा मिनिटें स्वस्थ पडून नाडीचे ठोके पूर्ण एक मिनिट मोजावे. मग भिंतीजवळ, कोणी सोबतीस असतां, उभें राहून दहा मिनिटांपर्यंत पुन्हा मोजावे. प्रौढ माणसाचे ठोके तीस किंवा अधिक वाढत असतील, तर तें टिपण डॉक्टरांना दाखवावें. अशा रुग्णांनीं एकदम उठूं नये, पाणी भरपूर प्यावें, आणि व्यायाम पडून वा बसून करावयाच्या हालचालींनीं सुरू करावा. मीठ वाढविण्याचा सल्ला मात्र डॉक्टरांनीच द्यावा. रक्तदाबवाल्यांस तो बाधेल. आमच्याकडील वैशाखाचें ऊन या दुखण्याचा मोठा वैरी आहे. उष्णतेनें रक्तवाहिन्या पसरतात, घामानें अंगांतील पाणी घटतें आणि धडधड वाढते. म्हणून बाजारहाट व शेताची फेरी सकाळींच उरकावी. ज्या दिवशीं बरें वाटेल त्या दिवशीं साचलेलें सारें काम उपसण्याचा मोह आवरावा, कारण दुसरा दिवस अंथरुणांत जातो.

परंतु श्रमानें छातींत दुखणें, शुद्ध हरपणें, एकाच पायास सूज येऊन पोटरी दुखणें किंवा एकाएकीं श्वास कोंडणें, यांपैकीं कांहीं घडलें तर घरगुती उपाय करीत बसूं नये. उमरखेड किंवा वणी यांसारख्या दूरच्या तालुक्यांतून यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत यावयाचें तर रस्त्यांतच बराच वेळ मोडतो. अशा वेळीं सकाळची वाट न पाहतां प्रथम जवळचें रुग्णालय गांठावें, आणि मागें कोविड होऊन गेला आहे हें तेथील डॉक्टरांना आपण होऊन सांगावें.