सतरा अंकांचा घाट

गगनबावडा हें सह्याद्रीच्या माथ्यावरील गांव. कोल्हापुराकडून चढत तेथवर जावें आणि करूळच्या घाटानें कोंकणांत उतरावें. आज ज्या संख्येविषयीं बोलावयाचें आहे, तिची आकृति अशीच चढउताराची आहे. ती संख्या म्हणजे १२३४५६७८९८७६५४३२१. घाटाच्या दोन बाजू कांहीं सारख्या नसतात. हिच्या मात्र तंतोतंत सारख्या आहेत. ‘लीलावती’ंतील अठरा स्थानांपैकीं ‘मध्य’ या सतराव्या स्थानीं हिचा पहिला अंक बसतो.

अशा संख्यांचा छंद दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनीं जन्मभर जोपासला. देवळालीस १९३० पासून १९६२ पर्यंत ते शाळेंत शिक्षक होते. या जातीच्या संख्यांना त्यांनीं मुंबईजवळील एका रेल्वे स्थानकावरून ‘डेम्लो’ हें नांव दिलें. हा पोरखेळ आहे, असें म्हणून कित्येक पंडितांनीं त्यांची उपेक्षा केली. पुढें १९७५ सालीं मार्टिन गार्डनर यांनीं एका अमेरिकन मासिकांत त्यांच्याविषयीं लिहिलें, तेव्हां त्यांचें नांव जगभर झालें.

हा खरोखर पोरखेळ आहे काय, तें आपणच पाहूं. नऊ एकांच्या, म्हणजे १११११११११ या, संख्येचा वर्ग केला कीं आपली संख्या मिळते. गुणाकारांत तीच ओळ नऊ वेळां, दर वेळीं एक घर डावीकडे सरकवून, मांडावी लागते. उजवीकडच्या पहिल्या घरांत एक एकक येतो, दुसऱ्यांत दोन, मधल्यांत नऊ. मग ते पुन्हां एकेकानें घटतात. हातचा कोठेंच येत नाहीं, म्हणून घाट अभंग राहतो.

एकूण एक्याऐंशीं एकक मांडले गेले. म्हणून उत्तराच्या अंकांची बेरीजही ८१. शिवाय मूळ संख्येला ९ नें भाग जातो, म्हणून तिच्या वर्गाला ८१ नें जातो. आपल्याच अंकांच्या बेरजेनें भागली जाणारी जी संख्या, तिला कापरेकरांनीं ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी, म्हटलें आहे. आपली संख्या हर्षद आहे.

आतां दहा एक घ्या. एका एकापासून नऊ एकांपर्यंत नियम नऊ वेळां खरा ठरला. दहाव्या वेळींही ठरेल, असें मन म्हणतें. परंतु मधल्या घरांत दहा होतात, हातचा येतो आणि उत्तर निघतें १२३४५६७९००९८७६५४३२१. घाट मध्येंच खचला! अंकांची बेरीज ८२. ती सम, संख्या विषम. तेव्हां भागही जात नाहीं.

श्रोतेहो, नऊ वेळां आलेला अनुभव म्हणजे सिद्धता नव्हे. नियम कां चालतो हें ज्याला उमगलें, त्याला तो कोठें थांबेल हेंही आधींच सांगतां येतें. गणिताचें सारें बळ या एका ‘कां’मध्यें आहे. आपल्या मुलांनीं असा खेळ मांडला, तर त्यांना उठवूं नका. उत्तर बरोबर आल्यावर तें तसें कां आलें, एवढेंच विचारा.