साडेचारचे नऊ का होतात?

रत्नागिरीतून बोलतोय. मागे पावसाचा आवाज येईल, सांभाळून घ्या.

मी हौस म्हणून हायड्रोजन प्लाझ्माचं सिम्युलेशन लिहीत होतो. हायड्रोजन रेणूचा बंध साधारण ४.५ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा. म्हणून तेवढ्या ऊर्जेचा इलेक्ट्रॉन आदळला की रेणू तुटला, असं कोडमध्ये लिहिलं. साफ चुकलो!

इलेक्ट्रॉन प्रोटॉनपेक्षा सुमारे १८३६ पट हलका. नारळावर डास आपटला तर नारळ हलेल का? नुसत्या धक्क्याने अणू सुटत नाहीत. रेणूतला इलेक्ट्रॉन बंध टिकू न देणाऱ्या वरच्या अवस्थेत ढकलावा लागतो, तोही प्रोटॉन जागचे हलायच्या आत. त्याला साधारण ९ लागतात. उरलेली ऊर्जा घेऊन दोन्ही अणू वेगाने उडतात.

रेणूचा आयन असेल तर सगळं उलटं. त्याला संथ इलेक्ट्रॉनही पुरतो. धन आयन त्याला ओढून घेतो आणि सुटलेल्या ऊर्जेने स्वतःच फुटतो.

गांधीनगरच्या आदित्य-यू टोकामॅकसारख्या यंत्रात भिंतीजवळच्या थंड प्लाझ्माचा हिशेब करताना हे दोन्ही धरावं लागतं. माझा एकच आकडा निम्मा होता, आणि पुढचा सगळा हिशेब चुकला होता.

बंधाची ऊर्जा म्हणजे तो तोडायची किंमत नव्हे, एवढं लक्षात ठेवा. भेटू पुढच्या भागात!